झाड, दगड आणि रिकामा पार: तुकडोजी महाराजांची लढाऊ श्रद्धा निसर्गचित्रांतून कशी टिपावी

१९४२ च्या ऑगस्टमध्ये तुकडोजी महाराज चिमूरच्या भागात खंजिरी घेऊन भजनं म्हणत होते. त्यातल्या एका हिंदी भजनात झाडंझुडपं शस्त्रं होतात, भक्तांची सेना उभी राहते आणि दगडांचे बॉम्ब होतात. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’च्या लढ्यात चिमूर आणि आष्टी दोन्ही पेटले. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. पुढे डिसेंबरपर्यंत ते नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते.

फोटो काढणाऱ्या माणसानं या भजनाकडे नीट बघावं. कॅमेरा कुठे रोखायचा, हे महाराजांनीच त्यात सांगून ठेवलं आहे. समाधी, पुतळा, पालखी यांचे फोटो भरपूर निघतात आणि ते निघायलाही हवेत. पण या संताची श्रद्धा वावरातल्या दगडाला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडाला लढ्यात ओढणारी होती. म्हणून तिचं चित्र काढायचं तर त्या दगडापाशी आणि त्या झाडापाशीच जावं लागतं. प्रतीक घरून पिशवीत घालून नेऊ नका, ते तिथे उभंच आहे. पुढचा सगळा लेख ते शोधायचं कसं आणि खोटं न पाडता टिपायचं कसं, याबद्दल आहे.

आधी वहीत एक वाक्य लिहा

महाराजांचं आयुष्य १९०९ ते १९६८. यावलीतलं बालपण, वरखेडचे आडकोजी महाराज, मग रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा इथल्या रानातली साधना, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम, १९४२ चा लढा आणि तुरुंग, पुढे ग्रामगीता, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत जवानांपुढे म्हटलेली भजनं. बारा-पंधरा फोटोंत यातलं सगळं मावत नाही. कोंबायला गेलात तर शाळेतल्या तक्त्यासारखं काहीतरी हाती येईल.

म्हणून एकच वाक्य ठरवा. मी इथे उदाहरणासाठी हे घेतो: “रानात एकट्यानं केलेली साधना गावाच्या लढ्यात उतरली.” या वाक्यात दिशा आहे, म्हणून ते उपयोगी पडतं. फोटोंचा क्रम त्यातूनच मिळतो: आधी रान, मग रानातून गावाकडे येणारी पांदण, मग गावातली मोकळी जागा आणि शेवटी वावर. जागाही त्यातूनच ठरतात. गोंदोडा आणि चिमूर एकाच तालुक्यात आहेत, तर मोझरी अमरावती-नागपूर रस्त्यावर तिवसा तालुक्यात. आष्टी वर्धा जिल्ह्यात. वाक्य “श्रद्धा महान असते” असं गुळमुळीत असेल, तर कोणत्याही सूर्यास्ताचा फोटो त्यात बसेल आणि काम तिथेच फसेल.

प्रतीकांची यादी, आणि तिला लावायच्या दोन कसोट्या

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे महाराजांच्या भजनांत, आयुष्यात किंवा आश्रमाच्या रीतीत असलेली वस्तू लिहा, उजवीकडे ती आज रानात-वावरात कोणत्या रूपात दिसते ते. दगड, झाड, सेना, खंजिरी, खराटा आणि अधिष्ठान एवढं सुरुवातीला पुरे.

मग प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. मी तिथे नसतो तरी ही गोष्ट तिथे असती का? खडकावर नवी कोरी खंजिरी ठेवून काढलेला फोटो इथेच बाद होतो. दुसरा प्रश्न: चिमूरच्या म्हाताऱ्या माणसाला हा फोटो खाली काही न लिहिता दाखवला, तर तो “हे आपल्याकडचं” म्हणेल का? धुक्यातला एकटा वृक्ष जगात कुठेही असतो. धुऱ्यावरचा पळस, छाटणीनंतर फुटलेल्या सरळ धुमाऱ्यांसकट, आपल्याकडचाच.

दगड

सगळ्यात जास्त वेळ मी दगडाला द्यायला सांगेन.

मोझरी, तिवसा, आष्टी हा पट्टा लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. या खडकाला आधी चौकोनी भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि आत गोल गाभा उरतो. त्याच्याभोवतीचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटत जातात. रस्त्यासाठी कापलेली दरड, जुनी खदान, नाल्याचा खचलेला काठ अशा ठिकाणी मातीत अर्धे रुतलेले हे गोळे दिसतात. नारळाएवढे असतात, काही माणसाच्या कवेत न मावणारे. भजनातला दगड आणि बॉम्ब यांचं नातं इथे डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी कुठलीही कलाकुसर करावी लागत नाही.

असा दगड सापडला की लगेच फोटो काढू नका. ऊन कोणत्या बाजूनं येतं ते बघा. पापुद्रे दिसायला ऊन आडवं हवं, म्हणजे सूर्य उगवल्यानंतरचा पाऊण तास किंवा मावळण्याआधीचा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तोच दगड सपाट डाग वाटतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. उभ्यानं काढलात तर दगड जमिनीवर पडलेला दिसतो, खालून काढलात तर तो क्षितिजाशी जाऊन भिडतो. पुढचा दगड आणि मागचं वावर दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० किंवा २००. शटर हळू होईल, तेव्हा तिपाई लागेलच.

पाऊस पडून गेल्यावर ओला दगड जवळजवळ काळा दिसतो आणि वर आभाळाची पांढरी चकाकी येते. पोलरायझर फिल्टर ही चकाकी मारतो, पण पूर्ण फिरवू नका. थोडी चकाकी राहिली तरच दगड ओला आहे हे कळतं.

आता एक गंभीर गोष्ट. चिमूरला त्या दिवशी पोलिसांच्या गोळीनं बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा गेला, आणि संतापलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. दगडाचा फोटो काढताना हे दोन्ही लक्षात असलं पाहिजे. मुठीत धरलेला, भिरकावण्याच्या बेतात असलेला दगड कुणाला उभं करून काढता येईल, पण मी तो काढणार नाही आणि तुम्हीही काढू नये. महाराजांच्या भजनातला दगड तोवर मातीत शांत पडून होता, म्हणूनच ती कल्पना अंगावर येते. अर्धा रुतलेला, हललेला नसलेला दगड दाखवा. त्याच्यात काय दडलं आहे, ते बघणाऱ्याला वाटू द्या.

दगड जिथला आहे तिथलाच सांगा, हेही ओघानं आलंच. आष्टीच्या शिवारातला गोळा चिमूरच्या नावावर खपवू नका.

झाड आणि सेना

पळसाचा मोह आवरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की विदर्भातलं रान पेटल्यासारखं दिसतं, आणि लढा म्हटलं की हात आपोआप तिकडे जातो. पण त्या फुलांनी शिमगा आठवतो. ४२ ची नागपंचमी श्रावणात होती. श्रावणात पळसाला फुलं नसतात, तीन-तीन मोठी पानं असतात. साग मात्र तेव्हा शेंड्यावर पांढुरक्या तुऱ्यांनी बहरलेला असतो.

शस्त्र शोधायचं तर छाटलेल्या झाडाकडे जा. सरपणासाठी किंवा पिकावर सावली पडू नये म्हणून धुऱ्यावरची झाडं छाटतात. त्यांच्या बुंध्यातून पुढच्या पावसात सरळ, भाल्यासारखे धुमारे निघतात. हे झाड आभाळाच्या पार्श्वभूमीवर घ्या, सूर्य झाडामागे ठेवा आणि एक्सपोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा होईल. पानांचा तपशील जाईल, धुमाऱ्यांच्या रेघा उरतील. शेजारी विजेचा खांब आला तर दोन पावलं सरकून बघा. नाहीच सुटला तर राहू द्या, नंतर पुसू नका.

सेनेसाठी चिमूरकडच्या धानाच्या बांध्या बघा. श्रावणात रोवणी चालू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते. उथळ गढूळ पाण्यात रोपांच्या ओळी उभ्या असतात आणि मधल्या पाण्यात ढग दिसतात. बांधीच्या कोपऱ्यावरून ८५ ते २०० मिलिमीटरच्या लेन्सनं काढलं की ओळी एकमेकींजवळ येतात आणि रांगा दाट वाटतात. वाऱ्यात रोपं हलत असतील तर शटर पाव सेकंदावर आणा, मग रांग चालू लागल्यासारखी दिसते. मोबाइल असेल तर मुख्य लेन्सच वापरा, अतिरुंद लेन्स कडेच्या ओळी ताणून वाकड्या करते.

रोवणी करणाऱ्या बाया फ्रेममध्ये असतील तर आधी बोला. “मावशी, दुरून फोटो काढला तर चालन का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा हसून होकार मिळतो, आणि “काहून जी, आमच्या चिखलाचा कायले?” असा उलट प्रश्नही. त्याचं उत्तर तयार ठेवा. महाराजांच्या भजनातली सेना दाखवायची आहे म्हणून सांगा. या भागात ते भजन लोकांना माहीत असतं, आणि मग कोणती बांधी चांगली दिसते हे त्याच दाखवतात.

न दिसणाऱ्या गोष्टी

खंजिरी म्हणजे आवाज, आणि फोटोला आवाज नसतो. गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, पावसाचे पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा पाण्यावर गोल उठतात, एकात एक मिसळतात. १/२५० सेकंदावर ते स्वच्छ मिळतात. हा फोटो एकटा असला तर निव्वळ पावसाचा राहील. रानाच्या आणि बांधीच्या मध्ये ठेवला तर खंजिरीचा ताल म्हणून वाचला जाईल. माझ्या मते पूर्ण मालिकेत असा एकच फोटो असावा.

अधिष्ठान जास्त महत्त्वाचं. महाराजांनी उभारलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत समोर कुठल्या एका देवाची मूर्ती नसते, अधिष्ठान असतं. ही रिकामी जागा हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे, आणि निसर्गचित्रात रिकामी जागा दाखवणं कॅमेऱ्याला छान जमतं. पहाटे झाडून ठेवलेला पिंपळाचा पार शोधा. मातीवर खराट्याच्या रेघा असतात आणि अजून कुणी बसलेलं नसतं. ग्रामसफाई आणि प्रार्थना दोन्ही त्या एका जागेत आहेत. पार फ्रेमच्या मधोमध घ्या, वर-खाली भरपूर मोकळं सोडा आणि रेघांवर आपल्या बुटाचे ठसे उमटवू नका. पानांतून झिरपणारं ऊन पारावर यायच्या आधी, सावलीच्या सारख्या उजेडात काढलेला फोटो मला जास्त पटतो.

तिथी आणि प्रकाश

या विषयाला दोन तिथ्या आहेत. पहिली नागपंचमी. १६ ऑगस्ट ही तारीख दरवर्षी तीच असते, पण नागपंचमी पुढेमागे सरकते. तिथीला गेलात तर संध्याकाळी पश्चिमेला पंचमीची कोर असते, ४२ च्या त्या संध्याकाळी होती तेवढीच. ढग फाटले तर सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासात, आभाळ गडद निळं असताना ती टिपा. दोन सेकंदांपेक्षा जास्त शटर ठेवलं तर लांब लेन्सवर कोर पसरते, तेव्हा आयएसओ वाढवा.

दुसरी तिथी आश्विन वद्य पंचमी, महाराजांची पुण्यतिथी. गुरुकुंजाला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. त्या क्षणी शटरचा आवाज करू नये, मोबाइल वर धरू नये. त्या प्रकाशाचा फोटो हवा असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळी मोझरीजवळच्या दासटेकडीच्या बाजूनं वावरात उभे राहा, ऊन तेच असतं. सूर्य मावळायला तेव्हा पाऊण-एक तास वेळ असतो आणि सावल्या वस्तूच्या चारपटीहून लांब पडतात. कपाशी फुटायला लागलेली असते. एका झाडाची लांब सावली आणि मागे फुटलेली पऱ्हाटी, एवढ्यानं ती वेळ उभी राहते.

काळी माती कॅमेऱ्याला फसवते

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. काळी माती आणि काळा दगड फ्रेमभर असले की तो फोटो उजळवतो आणि आपली काळी राखेसारखी दिसते. तिथे एक ते सव्वा स्टॉप कमी करा. फुटलेला कापूस फ्रेमभर असेल तर उलटं, पाऊण स्टॉप वाढवा, नाहीतर कापूस मळका दिसतो. मोबाइलवर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करा आणि सूर्याच्या चिन्हानं उजेड खालीवर करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, श्रावणातला हिरवट-राखी उजेड ऑटो धुऊन काढतो. ‘डेलाइट’ वर कायम ठेवा म्हणजे सगळी मालिका एका रंगात राहील. शक्य असेल तर रॉ फाइल काढा.

ओल्या काळीत तिपाईचे पाय रुततात आणि हळू शटरमध्ये फोटो हलतो. पायांखाली फरशीचे तुकडे किंवा चपटे दगड घाला. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते. विजा कडाडू लागल्या की तिपाई तिथेच सोडून पक्क्या घरात जा. उघड्या वावरात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

रानात जाताना

रामदिघी, गोंदोडा हा ताडोब्याच्या आसपासचा वाघांचा आणि अस्वलांचा मुलूख आहे. कुठपर्यंत जाता येतं, परवानगी लागते का, हे आधी वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारा आणि गावातलं माहितगार माणूस सोबत घ्या. पहाटेचा प्रकाश कितीही सुंदर असला तरी अंधारात रानात शिरू नका. वाकून, बसून फोटो काढत असाल तेव्हा दुसऱ्यानं उभं राहून चौफेर बघायला हवं. ड्रोनची इथे गरजच नाही. साधना करणारा माणूस जमिनीवर बसलेला होता, त्याच उंचीवरून रान बघा. मालिकेतले रानातले फोटो मी बसून, २८ ते ३५ मिलिमीटरनं काढायला सांगेन, कारण त्यात बघणाऱ्याची नजर साधकाच्या नजरेजवळ येते.

निवड, रंग, क्रम

आभाळात महाराजांचा चेहरा मिसळलेली चित्रं मोबाइलवर फिरत असतात. लोकांचं प्रेम त्यात आहे, त्याचा मान ठेवावा. पण तुमची मालिका दगड-झाडांवर विसंबून आहे, तर तिथे चेहरा आणू नका. गडद लाल रंग, जबरदस्तीनं काळे केलेले ढग हेही टाळा. घडलेलं एवढं मोठं आहे की त्याला रंग चढवायची गरज नाही. कृष्णधवल करायचं असेल तर सगळंच करा. दगडांना ते शोभतं, पण रोवणीचा हिरवा आणि काळीचा रंग जातो, म्हणून मी रंगीतच ठेवीन.

फोटो छोटे छापून घराच्या जमिनीवर पसरा. तुमचं वाक्य मोठ्यानं वाचा आणि एकेक फोटो उचलून विचारा की हा काढून टाकला तर वाक्य मोडतं का. मोडत नसेल तर तो बाजूला. सुंदर असला तरी. क्रम लावताना सगळे दगड एकत्र ठेवू नका. दगड, पांदण, धुमारे, पाणी, पुन्हा दगड, बांधी असा लावला तर शांत पडलेला दगड दुसऱ्यांदा दिसतो तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो. रिकामा पार शेवटी ठेवायचा की रानाला लागून, हे तुमच्या वाक्यावर ठरेल. माझ्या वाक्यासाठी तो शेवटी नको, बांधीच्या आधी हवा, कारण गाव प्रार्थनेत एकत्र आलं आणि मग उठलं.

फोटोखाली गाव, शिवार आणि तिथी लिहा. अर्थ लिहू नका.

दाखवायचं कुठे

पहिलं प्रदर्शन त्याच गावात लावा, शाळेच्या व्हरांड्यात किंवा सामुदायिक प्रार्थनेच्या जागेजवळ, मंडळाच्या लोकांना विचारून. १२ बाय १८ इंचाचे, चमक नसलेल्या कागदावरचे प्रिंट दोरीला चिमट्यांनी टांगले तरी चालतात. चमकदार कागदावर व्हरांड्यातलं ऊन परावर्तित होतं आणि काळा दगड दिसतच नाही. ज्यांच्या धुऱ्यावर उभे राहिलात त्यांच्यासाठी एक प्रिंट वेगळा काढून ठेवा.

फोटोंजवळ वही-पेन ठेवा आणि स्वतः तिथे थांबा. म्हातारी माणसं फोटोतली जागा ओळखतात, आणि प्रभातफेरी कोणत्या वाटेनं गेली, भजन कोणत्या झाडाखाली झालं असं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं सांगू लागतात. ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याला विचारून लिहून घ्या. हे ऐकीव आहे अशी नोंदही करा. त्यांनी दाखवलेली जागा दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन बघा. धान वाढलं की बांधीतल्या ओळी बुजतात आणि मग थेट पुढच्या श्रावणाची वाट बघावी लागते.